पेशंटसोबत राहणाऱ्यानं काय करायचं : सरकारी दवाखान्यातले 23 दिवस

मी एस.टी.त वाहक आहे, 19 वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही 23 दिवस मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात राहिलो. शहराचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या काही माणसांनी आबांना हाताला धरून परत आणलं, काहींनी मनस्ताप दिला, आणि असं दोन्ही बहुतेक ठिकाणी होतं. मला सांगायचंय ते पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाविषयी. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, सिस्टर पाळीनं बदलतात, बाकीचे वीस-बावीस तास पेशंट तुमच्या ताब्यात असतो. तीही ड्युटी आहे, आणि ती कशी करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

घरातून निघण्याआधी

पहाटे साडेपाचला आबांच्या हातातून कपबशी सुटली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात लुळा, बोलायला गेले तर नुसता आवाज. शेजारच्यांनी तळपाय चोळायला लावले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आम्हीही ते सगळं केलं आणि त्यात पाऊण तास घालवला. तो पाऊण तास मला अजून बोचतो. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी 108 ला फोन करा आणि काय झालंय, कधी झालंय ते स्पष्ट सांगा. चोळत बसू नका. तोंडात काही घालू नका.

मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?" मी म्हणालो, पहाटे साडेपाचला झटका आला. ते म्हणाले, "आला कधी ते विचारत नाही. बरे असताना शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं?" आबा रात्री दहाला जेवून झोपले होते. म्हणजे हिशेब रात्री दहापासून. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. आमची वेळ केव्हाच टळली होती. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सीटीची सोय नाही, तिथून पुढं पाठवलं त्यात आणखी दोन तास गेले. म्हणून अर्धांग असेल तर घरात कुणी, कधी, काय पाहिलं हे घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा आणि सीटीची सोय कुठं आहे हे गावातल्या आशाताईंना आजच विचारून ठेवा.

पिशवीत काय घ्यायचं? रेशनकार्ड आणि आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. जुने रिपोर्ट. चालू गोळ्यांची नावं आठवत बसू नका, पाकिटंच उचला. आबा बीपीची गोळी घ्यायचे आणि मधेच बंद करायचे, हे आईनं पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजून सांगितलं तेव्हा डॉक्टरांना कळलं. बाकी चादरी दोन, जुनी सुती लुगडी किंवा धोतरं फाडून केलेले कपडे, तांब्या, चमचा, बादली, साबण, चार्जर, सुट्टे पैसे, चटई आणि पिशवीला लावायला छोटं कुलूप. आमच्या वॉर्डात पहिल्याच रात्री एकाचा मोबाईल गेला.

केसपेपरवरचं नाव

ही गोष्ट बारकी वाटते, पण हिनं आमचे दोन दिवस खाल्ले. अपघात विभागात गर्दी होती, खिडकीवर भावानं "पेशंटचं नाव आबासाहेब" सांगितलं. गावात सगळे तेच म्हणतात. रेशनकार्डावर वेगळं नाव, आधारवर आणखी वेगळी अक्षरं. केसपेपरवर आबासाहेब, मग सीटीवर आबासाहेब, रक्ताच्या चिठ्ठ्यांवर आबासाहेब. मोफत उपचाराच्या सरकारी योजनेसाठी आरोग्यमित्राकडं, म्हणजे दवाखान्यात त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडं, गेलो तर तो म्हणाला, हा माणूस कागदावर नाहीच. मग अर्ज, मग निवासी डॉक्टरांची सही, मग रेकॉर्ड विभाग, मग पुन्हा खिडकी. म्हणून केसपेपर काढताना आधार कार्ड खिडकीत सरकवा आणि "यावर आहे तसंच लिहा" म्हणा. कागद हातात आला की तिथंच उभं राहून नाव, वय आणि पत्ता वाचून घ्या. माझ्या धंद्यात तिकीट दिल्यावर प्रवाशाला आम्ही तपासून घ्यायला सांगतो, तसंच.

योजनेचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी दीड लाखापर्यंत होती. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पिवळं-केशरीच नव्हे तर पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. मात्र प्रत्येक आजार आणि प्रत्येक दवाखाना त्यात नाही. चौकशीसाठी 155388 किंवा 1800 233 2200 हे क्रमांक आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल झाल्याच्या दिवशीच त्याच्याकडं जा, घरी जायच्या वेळी गेलात तर उपयोग नाही. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडं येतात, तिथं काही गोष्टींना पैसे पडतात, तर त्याची पावती मागा.

धर्मादाय दवाखान्यात जायची पाळी आली तर तिथं 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनं तसं बंधन घातलेलं आहे. उत्पन्नाचा दाखला लागतो. तो गावाकडून मागवायला वेळ जातो, म्हणून घरच्या एकाला तहसीलच्या कामाला पहिल्याच दिवशी लावा.

आणि गेटबाहेर "आत जागा नाही, माझ्या ओळखीच्या दवाखान्यात आयसीयूचा बेड मिळवून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. आमच्या समोरच्या खाटेवरच्या बाईंना असंच नेलं होतं. तीन दिवसांत शेत गहाण पडलं आणि त्या पुन्हा याच वॉर्डात आल्या.

वही

वाहकाला वेबिल लिहायची सवय असते. कुठल्या थांब्यावर किती तिकिटं गेली, किती पैसे जमा झाले, सगळं त्याच वेळी लिहायचं, नाहीतर रात्री डेपोत हिशेब जुळत नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यासमोरून वीस रुपयांची वही आणली आणि आबांचं वेबिल सुरू केलं. पूर्ण 23 दिवसांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

पहिल्या पानावर नाव, वय, वॉर्ड, खाट, युनिटचा क्रमांक, युनिटचे मोठे डॉक्टर कोण, पूर्वीचे आजार आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी. युनिट म्हणजे डॉक्टरांची एक तुकडी, हा शब्द लक्षात ठेवा. मोठ्या दवाखान्यात एकाच वॉर्डात दोन-तीन युनिटचे पेशंट असतात, प्रत्येक युनिटचे डॉक्टर वेगळे आणि ओपीडीचा वार वेगळा. तुम्ही भलत्याच युनिटच्या डॉक्टरला अडवलं तर तो "तुमचे डॉक्टर येतील" म्हणून पुढं जाणार, त्यात त्याची चूक नाही.

मग रोज एक पान. वेळ, काय दिलं, कुणी दिलं. नाकातल्या नळीतून किती पाजलं, लघवीच्या पिशवीत किती आली, संडास झाली का, बीपी-शुगर किती, कुठल्या कुशीवर होते, काय बोलले. आठव्या दिवशी ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी पान उलटून सांगितलं, काल दुपारी तीनला अंग कोमट लागलं, रात्री नऊला थंडी वाजली, आणि कालपासून पिशवीतली लघवी गढूळ दिसतेय. त्यांनी वही हातात घेऊन वाचली आणि लगेच लघवीची तपासणी लिहिली. संसर्ग निघाला, औषध त्याच दिवशी सुरू झालं.

राउंडच्या वेळी डॉक्टर खाटेपाशी दोन-तीन मिनिटं थांबतात. मनात दहा प्रश्न असतात, तोंडातून "बरं वाटेल ना?" एवढंच निघतं. म्हणून रात्रीच तीन प्रश्न लिहून ठेवत जा. माझे साधारण असे असायचे: कालच्या तपासणीत काय आलं, आज काय बदललं, मी काय बघत राहू? तिसरा प्रश्न जरूर विचारा. त्याचं उत्तर म्हणजे तुमचं दिवसभराचं काम. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांशी इंग्रजीत बोलून पुढं जातात, तेव्हा हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, कागद लिहायला मागं रेंगाळतात, त्यांना मराठीत विचारा. आमच्या हाऊसमन मॅडम 26-27 वर्षांच्या असतील, सलग दोन दिवस मी त्यांना त्याच ड्रेसमध्ये पाहिलं. त्यांनी एका चिठ्ठीच्या मागं मेंदूचं चित्र काढून रक्त कुठं अडलंय ते दाखवलं. ती चिठ्ठी वहीत चिकटवलेली आहे.

आणि घरच्यांपैकी डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठेवा. आमच्याकडं सुरुवातीला भाऊ एक ऐकायचा, मेव्हणे दुसरं, आणि गावाकडं फोनवर तिसरंच पोचायचं.

अंगाची निगा

इथं मी जास्त लिहिणार आहे, कारण आमची चूक इथं झाली.

अर्धांगाचा पेशंट स्वतः कूस बदलत नाही. दर दोन तासांनी त्याला वळवायचं असतं, दिवसा आणि रात्रीही. डावी कूस, पाठ, उजवी कूस. सिस्टरनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दिवसा आम्ही करत होतो. चौथ्या रात्री मी आणि भाऊ दोघंही खाटेखाली चटईवर झोपलो ते थेट सकाळी चहावाल्याच्या आवाजानं उठलो. पाचव्या दिवशी माकडहाडावर लाल डाग दिसला, बोटानं दाबला तरी लाली जाईना. सातव्या दिवशी तिथली कातडी गेली. ती जखम भरायला घरी गेल्यावर अडीच महिने लागले. एका रात्रीच्या झोपेनं आबांना ते भोगावं लागलं.

त्यानंतर मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर लावला आणि वहीत कुशीचा रकाना आखला. वळवताना चादर खाली आडवी घालून दोघांनी चादरीसकट उचलायचं, अंग घासत ओढायचं नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी किंवा घडी घातलेलं लुगडं. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी. पाठ रोज बघायची, कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. आणि लुळ्या हाताला धरून पेशंटला कधी उठवू नका, खांदा निखळतो. काखेत हात घालूनही ओढायचं नाही. पाठीमागून आधार द्यायचा आणि लुळा हात उशीवर ठेवायचा. हे फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं. त्या आल्या की बाहेर चहाला जाऊ नका. शेजारी उभं राहा, हात लावून करून बघा, कारण घरी ते तुम्हालाच करायचंय.

गिळणं. आबांना नाकातून नळी घातली होती, तोंडानं काहीही द्यायचं नाही असा कागद खाटेला लावला होता. सहाव्या दिवशी गावाकडून चुलत आत्या आल्या. मी खाली मेडिकलला गेलो होतो. त्यांनी मायेपोटी आबांच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं, मग नारळपाणी. मी परत आलो तर आबा खोकताहेत, चेहरा काळानिळा, सिस्टर घशातलं ओढून काढणारी सक्शनची नळी घालताहेत. गिळण्याचे स्नायू पडलेले असले की पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. आबा वाचले, पण दोन दिवस छाती घरघरत होती. आत्या कोपऱ्यात बसून रडल्या. त्यांना बोलून काय उपयोग, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्याला मी वॉर्डच्या दाराशीच गाठायचो आणि पहिलं वाक्य हेच, "तोंडात काही घालायचं नाही, प्रसादसुद्धा नाही. कपाळाला अंगारा लावा."

नळीतून पाजताना खाटेचं डोकं उंच हवं, निदान अर्धवट बसल्यासारखं. पाजल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं. पाजायच्या आधी नळीवरची खूण नाकाशी आहे तिथंच आहे ना ते बघा. सरकली असेल तर काहीही न घालता सिस्टरना बोलवा. पातळ पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं फडक्यातून गाळून, कोमट. एका वेळी किती ते डॉक्टर सांगतील तेवढंच. शेवटी थोडं साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. तोंडानं खात नाहीत म्हणून तोंड स्वच्छ करायचं सोडू नका. बोटाला ओलं कापड गुंडाळून दिवसातून दोन-तीनदा जीभ आणि हिरड्या पुसायच्या. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच टांगायची पण जमिनीला टेकवायची नाही, आणि पेशंटला स्ट्रेचरवर नेताना ती पोटावर ठेवायची नाही, लघवी उलटी फिरते. सलाईनचा हात सुजला, टणक लागला किंवा दुखला तर सकाळची वाट बघू नका.

बोलण्याविषयी एक. आबांना समजत होतं, पण शब्द निघत नव्हता. "पाणी" म्हणता यायचं नाही आणि ते चिडून डावा हात खाटेवर आपटायचे. बाराव्या रात्री मी सहज भजनाची चाल गुणगुणत होतो, आणि आबांनी "रामकृष्णहरी" म्हटलं. स्पष्ट. मी घाबरून सिस्टरना उठवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं गेलेल्या माणसालाही कधी कधी पाठ असलेलं आणि गायलेलं आठवतं. आबा 40 वर्षं वारी करत होते. मग आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर म्हणायला लागलो. तुमच्या पेशंटला जे तोंडपाठ असेल ते, आरती असो, पाढे असोत, त्याच्यासोबत म्हणा. आणि तो ऐकतोय असं धरूनच खाटेपाशी बोला. खर्चाच्या आणि वाटणीच्या गोष्टी बाहेर करा.

चिठ्ठ्या, औषधं, रक्त

सकाळी हातात चार-पाच चिठ्ठ्या येतात. पळत सुटू नका. आधी सिस्टरना विचारा की कुठली आधी, कुठली खिडकी किती वाजता बंद होते, कुठल्या तपासणीला उपाशी राहायचंय. रक्ताच्या बाटलीवर नाव आहे का बघा. आमचा नमुना दोनदा हरवला. तिसऱ्यांदा मी बाटली दिली त्या खिडकीची वेळ आणि रजिस्टरमधला क्रमांक लिहून घेतला, मग हरवला नाही.

"बाहेरून आणा" अशी चिठ्ठी आली तर नम्रपणे विचारा, स्टोअरमध्ये नाही का, दुसरी कंपनी चालेल का, जनऔषधी केंद्रातलं चालेल का. बहुतेक वेळा चालतं, आणि किमतीत फार मोठा फरक पडतो. पूर्ण पट्टी कापू नका, बिल ठेवा. औषध बदललं तर दुकानदार न कापलेली पट्टी परत घेतो.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाला रक्त लागलं होतं, त्याच्या भावाबरोबर मी रक्तपेढीत गेलो, म्हणून एवढं सांगतो. पिशवी घेऊन वाटेत चहाला थांबू नका आणि वॉर्डातल्या टेबलावर ठेवून देऊ नका. पिशवी फ्रीजमधून निघाली की अर्ध्या तासात चढवायला सुरुवात व्हावी लागते आणि चार तासांत संपावी लागते. सिस्टर तयार आहेत ना हे विचारून मगच आणायला जा. चढताना थंडी, खाज, कंबरदुखी, धाप यातलं काहीही दिसलं तर लगेच ओरडून बोलवा.

माणसं

वॉर्डात सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा. मामांना नुसतं "अरे" म्हणून हाक मारणारे नातेवाईक मी पाहिले, आणि त्यांच्या पेशंटचं स्ट्रेचर उशिरा हलताना पाहिलं. काहीजण स्ट्रेचर ढकलायचे पन्नास रुपये मागतात, हेही खरं. मी दिले नाहीत, मी म्हणालो मीच ढकलतो, तुम्ही फक्त रस्ता दाखवा. त्यांनी दाखवला.

नवव्या रात्री सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढलं. मी सिस्टरवर ओरडलो, सगळा वॉर्ड जागा झाला. त्यांनी काही न बोलता नळी बंद केली, नीट केली आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. मी मोजलं, त्या रात्री साठाच्या वर पेशंट होते आणि त्या एकट्या. सकाळी त्यांची पाळी संपताना मी माफी मागितली. त्यांनी मला सलाईन संपत आली की चाक कसं बंद करायचं ते शिकवलं आणि म्हणाल्या, बंद करून मला आवाज द्या. डॉक्टर-सिस्टरवर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याच्या आधीची गोष्ट अशी की ओरडण्यानं खाटेवरच्या माणसाचं काहीच भलं होत नाही.

तक्रार करायची नाही असं मात्र मी म्हणत नाही. नमुना दोनदा हरवला तेव्हा मी तक्रार केली. कागदावर. तारीख, वेळ, वॉर्ड, काय घडलं, कुणावर राग न काढता. दोन प्रती, एक वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात, दुसरीवर पोचचा शिक्का. रात्री दोनला थकलेल्या हाऊसमनसमोर केलेली तक्रार कुठंच नोंदली जात नाही, शिक्क्याचा कागद फायलीत जातो. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी मला बोलावून विचारलं. निघताना त्याच कार्यालयात मी आणखी एक कागद दिला. त्यात हाऊसमन मॅडम, रात्रीच्या सिस्टर आणि फिजिओच्या ताई यांनी काय केलं ते लिहिलं होतं. तिथल्या लिपिकानं तो दोनदा वाचला.

खाटेशेजारचे नातेवाईक हाच तुमचा खरा आधार. तुम्ही आंघोळीला गेलात की तेच बघतात. आम्ही चार खाटांनी मिळून पाळ्या लावल्या होत्या, रात्री एक जण जागा आणि चौघांच्या सलाईनवर लक्ष. रात्रीचं जागरण एकाच माणसावर टाकू नका, चौथ्या रात्री काय होतं ते वर लिहिलंच आहे. गावाकडून येणाऱ्यांना फळं आणू नका म्हणावं, पेशंट खात नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धुतलेल्या चादरी आणि एका रात्रीची पाळी, हे आणावं.

घरी सोडताना

सुट्टीच्या दिवशी गडबड असते, सगळ्यांना गाडीची घाई. तरी अर्धा तास थांबा. डिस्चार्ज कार्ड वाचा, नाव पुन्हा बघा. प्रत्येक गोळी कशाची, किती वाजता, किती दिवस, हे सिस्टरना विचारून पाकिटावर मराठीत लिहून घ्या. रक्त पातळ करणारी कुठली ते विचारा, ती आपल्या मनानं बंद करायची नाही. नळी कधी बदलायची, जखमेचं ड्रेसिंग गावात कोण करेल, आणि काय झालं तर परत यायचं, हे वहीत. कागदपत्रांच्या प्रती लागणार असतील तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिल्यापासून 72 तासांत त्या द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

पुढच्या तपासणीला आपल्या युनिटच्या ओपीडीच्या वारीच जा, दुसऱ्या वारी गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. आबा 76 वर्षांचे आहेत. 75 च्या पुढं एस.टी.त तिकीट लागत नाही, 65 ते 75 ला निम्मं, पण वाहकाला आधार कार्ड दाखवावं लागतं, तेव्हा ते पिशवीच्या तळाशी ठेवू नका. कॅन्सर, डायलिसिस, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या पेशंटलाही सवलत आहे. त्यासाठी कुठला दाखला लागतो ते डेपोत विचारा, आम्हा वाहकांनाही विचारा, आम्ही सांगतो. लुळा पाय असलेल्या माणसाला दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसवा, चांगली बाजू आधाराच्या दांडीकडं येईल असं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर डबा सोबत घ्या आणि रक्त दिल्या दिल्या तिथंच बाकावर खायला घाला.

आबा आता काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. "पाणी" म्हणतात. वहीतली शेवटची आठ पानं कोरी होती, त्यावर आई रोज गोळ्यांच्या वेळेला टिंब देते.